मधल्या मापाची मोटार

पेडणे तालुक्यातील कोरगावाहून एखादे कुटुंब म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला अथवा मिलाग्रिसच्या फेस्ताला निघाले, की मोटारीची खरी परीक्षा सुरू होते. पुढे दोघे, मागे तिघे, डिकीत नारळांचे पोते आणि वाटेत भातशेताच्या सखल भागातून जांभ्या दगडाच्या सड्यावर चढणारा व पुन्हा खाली उतरणारा रस्ता! अशा प्रवासाला मोटार कशी असावी? फार लहान असली तर माणसे मावत नाहीत, फार मोठी असली तर घरधन्याचा खिसा रिता होतो. या दोहोंमधील मार्ग युरोपातील अभियंत्यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर शोधून काढला, आणि त्याचे आपल्या परिचयातील उत्तम उदाहरण म्हणजे फियाट अकराशे. पुढे तीच पद्मिनी या नावाने घरोघरी ओळखली गेली.

ही गाडी 1953 साली जिनीव्हाच्या प्रदर्शनात प्रथम मांडण्यात आली. तिचे रचनाकार दान्ते जाकोसा हे इटलीतील नामांकित अभियंते होते. तिकडे शेठ वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात 1954 पासून हीच गाडी बांधावयास घेतली. गोव्याची कथा मात्र काहीशी वेगळी आहे. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त होईपर्यंत भारतातील आयातनिर्बंध येथे लागू नव्हते, त्यामुळे युरोपातील मोटारी येथे थेट बंदरातून रस्त्यावर येत. मुक्तीनंतर गोव्याच्या गिऱ्हाइकापुढेही मुख्यतः तीनच देशी गाड्या उरल्या : अँबॅसिडर, स्टँडर्ड हेराल्ड आणि फियाट. गंमत अशी, की या तिन्ही जन्माने युरोपीयच. पहिल्या दोन मूळच्या इंग्रजी, तिसरी इटालियन.

फियाटच्या रचनेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. जुन्या मोटारींत खाली पोलादी तुळयांची जड चौकट असे आणि तिच्यावर पेटी बसवलेली असे; बैलगाडीत आखाच्या वर साटा ठेवावा तसे. सारा भार ती चौकटच सोसत असे. फियाटमध्ये ही निराळी चौकट नाहीशी झाली. तळ, छत, बाजू आणि दाराचे खांब यांचे पत्रे परस्परांना वितळजोड देऊन एकच पोकळ पेटी तयार करण्यात आली. नारळाची करवंटी पातळ असते, तरी तिच्या वाटोळ्या आकारामुळे तिला बळ येते. तेच तत्त्व येथे वापरलेले आहे. परिणामी गाडीचे वजन सुमारे नऊशे किलो इतकेच राहिले, आणि चार मीटरांहून कमी लांबीच्या गाडीत पाच माणसांना बसावयास जागा मिळाली.

पण या रचनेची एक अट आहे. जुन्या गाडीचा पत्रा गंजला तर तिची शोभा जाई, चौकट शाबूत राही. येथे पत्रा हाच सांगाडा. कोकणपट्टीचा पावसाळा आणि समुद्रावरून येणारी खारी हवा यांनी तळाचा पत्रा कुजवला, तर गाडीचे हाडच कुजले असे समजावे. वरून रंगाचा हात फिरवून ही व्याधी झाकता येते, बरी करता येत नाही. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने म्हणूनच आधी बॉनेट उघडू नये. आधी खाली वाकून तळ पाहावा, पायाखालची चटई उचलून पाहावी.

आता शक्तीकडे वळू. या गाडीचे इंजिन 1089 घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे, आणि पद्मिनीत ते सुमारे चाळीस अश्वशक्ती देत असे. चाळीस हा आकडा आज तुटपुंजा वाटतो. पण हिशेब करून पाहावा. गाडी, पाच माणसे आणि सामान मिळून तेराशे किलो वजन धरले आणि दहा मीटरांना एक मीटर असा चढ घेतला, तर ताशी तीस किलोमीटरच्या वेगाने चढण्यास सुमारे सतरा अश्वशक्ती पुरतात. तोच चढ ताशी साठच्या वेगाने चढू म्हटले, तर चौतीस लागतात. हवेचा विरोध त्याखेरीज. सारांश, अभियंत्याने या कुटुंबाला चढावर नेण्याची हमी दिली होती, घाईने नेण्याची नव्हे. शिवाय पुरी शक्ती इंजिन वेगाने फिरत असतानाच मिळते. म्हणून चढ लागताच वेळीच खालचा गिअर टाकणे, हे चालकाचे कसब ठरते.

इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलच्या उष्णतेपैकी जेमतेम चौथा हिस्सा चाके फिरवण्याच्या कामी येतो. बाकीची उष्णता धुराबरोबर आणि रेडिएटरमधील पाण्यावाटे बाहेर जाते. सावकाश चढताना काम जास्त आणि समोरून येणारी हवा कमी, म्हणूनच चढावर पाणी उकळते. अशा वेळी गाडी थांबवून इंजिन निववावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडणे म्हणजे अंगावर वाफ ओढवून घेणे होय.

चढापेक्षा उतार अधिक कठीण. तेराशे किलोंची गाडी शंभर मीटर खाली उतरली, की तिच्या ठायी असलेली शक्ती कोठेतरी खर्चावी लागते. ती सगळी ब्रेकमध्ये गेली, तर साधे चार लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी उष्णता तेथे निर्माण होते! फियाटच्या चारही चाकांना ड्रमचे ब्रेक असत. बंद ड्रममध्ये ही उष्णता कोंडते, अस्तराची पकड सुटते, आणि पाय पूर्ण दाबूनही गाडी थांबेनाशी होते. आंबोलीसारख्या घाटात शहाणा चालक ज्या गिअरमध्ये चढला त्याच गिअरमध्ये उतरतो, आणि गाडी रोखण्याचे काम बव्हंशी इंजिनावर सोपवतो. गाडी न्यूट्रलवर टाकून पेट्रोल वाचवणारा थेंबाथेंबाने जे वाचवतो, ते एका वळणावर गमावण्याची भीती असते.

गाडीच्या पुढील चाकांना स्वतंत्र गुंडाळी स्प्रिंगा आहेत, त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेले तरी दुसरे डळमळत नाही. मागे मात्र अखंड आख आणि कमानपाटे. पुढे आराम आणि मागे भार सोसण्याची ताकद, अशी ही वाटणी आहे. पाटा तुटला तर तो साध्या गॅरेजातही बदलता येई, हा गुण गावोगावच्या मेकॅनिकांना विशेष प्रिय होता.

इतके गुण असूनही या गाडीच्या इतिहासाला एक खंताची बाजू आहे. इटलीत 1953 साली आधुनिक असलेली गाडी कुर्ल्यात 2000 सालाच्या सुमारापर्यंत बांधली जात होती. 1964 साली तिची नवी आवृत्ती आली, 1973 मध्ये ती प्रेसिडेंट झाली आणि 1974 मध्ये पद्मिनी. नावे बदलली, गाभा तोच राहिला. परवाने मोजके, कारखाने मोजके, आणि गिऱ्हाईक मात्र नोंदणी करून वर्षानुवर्षे तिष्ठत उभे. मग सुधारणेची निकड कोणाला भासणार? जगात चकतीचे ब्रेक आणि धडकेत आपण चुरगळून आतील माणसाला वाचवणारे पुढचे भाग रूढ झाले, तरी आपले कुटुंब ड्रमच्या ब्रेकवरच घाट उतरत राहिले. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली तेव्हा कोठे स्पर्धेचे वारे वाहू लागले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतील शेवटच्या पद्मिनीची नोंदणी 2003 च्या ऑक्टोबरात झाली होती. वीस वर्षांची मुदत भरताच, 2023 च्या ऑक्टोबरअखेर, तीही सेवेतून निवृत्त झाली.

तिची आठवण लोक मायेने काढतात, आणि ते योग्यच आहे. पेडण्याहून मुंबईस पोटासाठी गेलेल्या कित्येकांनी शहर प्रथम पाहिले ते तिच्याच मागच्या आसनावरून. परंतु मायेने दोष पुसले जात नाहीत. चांगली रचना ही एका पिढीची शिदोरी असते. ती तीन पिढ्यांना पुरवून खाऊ घालणे हा रचनाकाराचा अपराध नसून राखणदाराचा आळस होय. आज कोरगावच्या कुटुंबापुढे निवड मोठी आहे. गाडी घेताना रंग, पडदा आणि गाणी वाजवण्याची सोय यांच्याआधी तिने तळ, ब्रेक आणि भरल्या गाडीची चढण या तीन गोष्टी पाहाव्यात. मधल्या मापाच्या मोटारीचे मोल शेवटी यातच आहे, की नेलेली पाचही माणसे ती संध्याकाळी सुखरूप घरी आणते.