मेंदूच्या पक्षाघाताची मुले व त्यांचा घास

मेंदूच्या पक्षाघाताने, म्हणजे सेरेब्रल पाल्सीने, अधू झालेले मूल वाळत चालले की 'आजारच तसा' म्हणून घरचे गप्प बसतात. आम्हांस सांगावेसे वाटते ते हे, की असे मूल पुष्कळदा अर्धपोटी असते. जीभ, ओठ व घसा यांवर ताबा नसल्याने बराच घास बाहेर सांडतो. आडवे निजवून भरवल्यास तो श्वासनलिकेत शिरण्याचे भय अधिक. त्यातून छातीचा विकार जडतो.

म्हणून मुलास आधार देऊन बसवावे, मान किंचित पुढे ठेवावी, लहान चमच्याने भरवावे. पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा देऊ नये. पाण्यासारख्या पातळ पदार्थापेक्षा दाटसर पेज अनेकांस सुखाने गिळता येते. घास थोडे जातात, तेव्हा ते कसदार हवेत : मऊ वरणभातात तूप, दुधात कुस्करलेले आपले बुऱ्हाणपूरचे केळे. जेवणानंतर अर्धा तास निजवू नये.

जेवताना ठसका, घशात घरघर, वारंवार ताप-खोकला, वजन न वाढणे, किंवा एका जेवणास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागणे, यांपैकी काही दिसताच डॉक्टरांस दाखवावे. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात या विकाराचा समावेश आहे. दाखला काढण्यास संकोच नको.

घास भरवणाऱ्या माउलीस इतर कामांतून थोडी उसंत मिळवून देणे, हेही आम्ही सेवाकार्यच मानतो.