डिस्कवरची न दिसणारी जागा

आचोळ्याहून नालासोपारा स्टेशन गाठायचे, ग्रँट रोडला उतरायचे आणि लॅमिंग्टन रोडच्या बाजारातून वापरलेला लॅपटॉप घेऊन यायचा, असे आपल्याकडे बरेच जण करतात. घरी येऊन ‘धिस पीसी’ उघडले की प्रश्न पडतो. दुकानदाराने ५०० जीबी सांगितले होते आणि इथे सी ड्राइव्ह सव्वादोनशेचाच दिसतो. मग बाकीची जागा गेली कुठे? बहुतेक वेळा ती डिस्कवरच असते, फक्त नजरेआड.

आधी साधी वजाबाकी. डिस्क बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, विंडोज मात्र १०२४ च्या पटीत मोजते. त्यामुळे ५०० जीबीची डिस्क सुमारे ४६५ आणि १ टीबीची सुमारे ९३१ जीबी दिसते. एवढ्या फरकासाठी दुकानदाराशी भांडू नये. त्याहून जास्त कमी दिसत असेल तर पुढे बघू.

डिस्क म्हणजे चाळ धरली, तर पार्टिशन म्हणजे तिच्यातली खोली. फाइली ठेवण्यासाठी मांडून तयार केलेल्या खोलीला व्हॉल्यूम म्हणतात आणि सी, डी, ई ही अक्षरे म्हणजे दारावरचे नंबर. व्हॉल्यूम वापरासाठी जोडून घेणे म्हणजे ‘माउंट’ करणे. दारावर नंबर नसला, तरी आतले सामान जागच्या जागी असते.

आता स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे. वरच्या यादीपेक्षा खालचे आडवे पट्टे बघावेत. एकेका डिस्कचा एकेक पट्टा असतो आणि मोजणी शून्यापासून सुरू होते. ‘डिस्क ०’ च्या पट्ट्यात साधारण असे दिसते: डावीकडे १०० एमबीचे ‘ईएफआय सिस्टिम पार्टिशन’, मध्ये सी, कडेला काहीशे एमबीचे ‘रिकव्हरी’. १६ एमबीचे आणखी एक राखीव पार्टिशन असते, ते या खिडकीतही दिसत नाही.

ही छोटी पार्टिशने मुद्दाम लपवलेली असतात. ईएफआयमधून विंडोज सुरू होते. ते उडवले, तर दुसऱ्या दिवशी लॅपटॉप चालूच होणार नाही. रिकव्हरी अडचणीच्या वेळी उपयोगी पडते. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० चे एक सुरक्षा अपडेट अनेक संगणकांवर अडकले, ते हे पार्टिशन अपुरे पडल्यामुळेच. थोडी जागा वाचवायला त्याला हात लावू नये.

मोठा पट्टा आहे, त्यावर ‘एनटीएफएस’ आणि ‘हेल्दी’ लिहिले आहे, पण अक्षर नाही, असे असेल तर काम सोपे. पट्ट्यावर राइट क्लिक, ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’, ‘ॲड’, मोकळे अक्षर, ‘ओके’. ए आणि बी सोडून द्यावीत. ती पूर्वी फ्लॉपीसाठी राखलेली होती, म्हणून तर हार्ड डिस्क सीपासून सुरू होते. आत आधीच्या मालकाच्या फाइली निघाल्या तर त्या न चाळता पुसून टाकाव्यात.

पट्ट्यावर काळी रेघ आणि ‘अनअलोकेटेड’ असेल, तर तिथे अजून खोलीच पाडलेली नाही. नव्याने आणलेल्या लॅपटॉपवर ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ने ती पाडता येते. पण काल जिथे आपले फोटो होते तिथे आज ‘अनअलोकेटेड’ दिसत असेल, तर काहीही नवे बनवू नये. जुनी डिस्क जोडल्यावर ‘इनिशियलाइझ’ करू का, असे विचारले तरीही ‘कॅन्सल’च.

खरे नुकसान होते ते ‘रॉ’ या शब्दापाशी. पावसाळ्यात ऐन कॉपी चालू असताना वीज जाते, किंवा घाईत बाहेरच्या हार्ड डिस्कची वायर ओढली जाते आणि व्हॉल्यूमची अनुक्रमणिका अर्धवट राहते. पट्ट्यावर ‘एनटीएफएस’च्या जागी ‘रॉ’ दिसू लागते. मग विंडोज म्हणते, वापरायच्या आधी फॉरमॅट करा. लग्नाचे फोटो, दुकानाचे हिशेब लोकांनी इथेच गमावले आहेत, कारण समोर तेवढेच बटण दिसते. आपण ‘कॅन्सल’ दाबावे. आधी वायर आणि पोर्ट बदलून बघावे. तरी ‘रॉ’च राहिले, तर रिकव्हरी सॉफ्टवेअरने फाइली दुसऱ्या डिस्कवर काढाव्यात, त्याच डिस्कवर कधीच नाही. डिस्क टकटक आवाज करत असेल तर लगेच बंद करून जाणकाराकडे न्यावी.

कधी व्हॉल्यूम कुलूपबंद असतो. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केले की डिस्क सांकेतिक रूपात जाते. ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडली तर ४८ आकड्यांची किल्ली मागते. ही किल्ली सहसा त्याच खात्यात जपलेली असते. लॅपटॉप चांगला चालतो आहे तोवरच ती कागदावर उतरवून ठेवावी.

आणखी एक शक्यता राहते. आधीच्या मालकाने उबुंटू किंवा सी-डॅकचे बॉस लिनक्स टाकलेले असेल, तर विंडोजला ते पार्टिशन वाचता येत नाही. पट्टा ‘हेल्दी’ दिसतो, पण राइट क्लिक केल्यावर जवळपास फक्त ‘डिलीट व्हॉल्यूम’ एवढेच चालू असते. आत काय आहे ते बघायचे असेल, तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करावे. तिथल्या ‘फाइल्स’मध्ये त्या व्हॉल्यूमच्या नावावर क्लिक केले की तो माउंट होतो. हवे ते उतरवून घ्यावे आणि मगच ती जागा विंडोजसाठी मोकळी करावी.