राखणदार कोणी नेमायचा?

जुलै २०२०. करोनाच्या साथीने न्यूयॉर्क राज्य हैराण झालं होतं आणि गव्हर्नर अँड्र्यू क्युमो रोजच्या पत्रकार परिषदांमुळे अमेरिकेत घराघरात पोचले होते. त्यांना या साथीवर पुस्तक लिहायचं होतं. पदावर असताना अशी बाहेरची कमाई करायची, तर राज्याच्या नीतिमत्ता आयोगाची संमती लागते. तीही मिळाली. सरकारी माणसं आणि साधनं पुस्तकासाठी वापरायची नाहीत, ही त्यातली मुख्य अट होती. ऑक्टोबरमध्ये पुस्तक बाजारात आलं. पुढच्या वर्षी कराराचा आकडा बाहेर आला: सुमारे ५१ लाख डॉलर. पुस्तकाच्या कामाला सरकारी कर्मचारी जुंपल्याचे आरोप झाले. कर्मचाऱ्यांनी स्वखुशीने मदत केली, असं क्युमो सांगत राहिले.

लोकांना खटकलं ते आणखी एका गोष्टीमुळे. ही संमती आयोगाच्या सदस्यांनी चर्चा करून, मतदान घेऊन दिलेली नव्हती. ती कर्मचाऱ्यांच्या पातळीवरच देऊन टाकली गेली होती.

हा आयोग क्युमो यांच्याच पहिल्या कारकिर्दीत, २०११च्या कायद्याने स्थापन झाला होता. नाव ‘जॉइंट कमिशन ऑन पब्लिक एथिक्स’, बोलण्यात ‘जेकोप’. सदस्य चौदा. त्यातले सहा गव्हर्नर नेमणार, उरलेले आठ विधिमंडळातले नेते. म्हणजे ज्यांच्यावर नजर ठेवायची, त्यांनीच नजर ठेवणारे निवडायचे! मतदानाचा नियम तर याहून वरचढ होता. गव्हर्नरांच्या बाजूच्या कोणाची चौकशी सुरू करायची, तर आठ मतं पुरेशी नव्हती. त्या आठांमध्ये गव्हर्नरांनीच नेमलेले किमान दोघे असावे लागत. मूठभर सदस्यांनी हात वर केला नाही, की चौकशी जागच्या जागी थांबे. बैठकांना आणि कागदपत्रांना खुलेपणाचे आणि माहिती अधिकाराचे राज्याचे सर्वसाधारण कायदेही लागू नव्हते. २०१९मध्ये क्युमो यांच्या एका माजी निकटवर्तीयासंबंधीचं बंद दाराआडचं मतदान काही तासांत गव्हर्नरांपर्यंत पोचल्याची तक्रार झाली. राजधानी ऑल्बनीत लोक या आयोगाला ‘जे-जोक’ म्हणू लागले होते.

लैंगिक छळाच्या आरोपांनंतर ऑगस्ट २०२१मध्ये क्युमो यांनी पद सोडलं. आरोप त्यांनी नाकारले होते. त्यानंतर जेकोपला जाग आली. नोव्हेंबरमध्ये पुस्तकाची संमती मागे घेतली गेली, डिसेंबरमध्ये पैसे परत करण्याचा हुकूम निघाला. पण क्युमो यांना बाजू मांडण्याची रीतसर संधी मिळाली नाही, असं सांगत न्यायालयाने पुढच्या वर्षी तो रद्द केला. आधी डोळेझाक, मग घाई. दोन्ही वेळा आयोगाने स्वतःची पत घालवली.

नव्या गव्हर्नर कॅथी होकल यांच्या काळात एप्रिल २०२२मध्ये अर्थसंकल्पाबरोबरच आयोगसुधारणेचा कायदा झाला. जेकोप बरखास्त झाला आणि जुलैमध्ये अकरा सदस्यांचा नवा आयोग कामाला लागला. नावं आजही राजकारणीच सुचवतात: गव्हर्नर तीन, विधिमंडळातले नेते मिळून सहा, महान्यायवादी एक आणि राज्याचे लेखानियंत्रक एक. पण नाव सुचवलं म्हणजे नेमणूक झाली, असं नाही. राज्यातल्या पंधरा विधी महाविद्यालयांच्या प्रमुखांची समिती प्रत्येक नाव पारखते आणि नापसंत नाव परत पाठवते. चौकशीचा निर्णय साध्या बहुमताने होतो. बैठका आणि कागदपत्रं आता खुलेपणाच्या कायद्यांखाली येतात. सर्वांत मोलाचं म्हणजे, सदस्याला हटवण्याचा अधिकार गव्हर्नरांकडे नाही. गंभीर कारण असेल, तर आयोगच आपल्या सदस्याला काढू शकतो.

नेमकं हेच कलम पुढे न्यायालयात कळीचं ठरलं. नव्या आयोगाने पुस्तकाचं प्रकरण पुन्हा हाती घेताच क्युमो यांनी २०२३मध्ये आयोगाच्या अस्तित्वालाच आव्हान दिलं. कायद्याची अंमलबजावणी हा कार्यपालिकेचा अधिकार; दंड ठोठावणारी यंत्रणा गव्हर्नरांच्या ताब्याबाहेर कशी राहू शकते, हा त्यांचा मुद्दा. खालच्या न्यायालयाने तो मान्य केला, मे २०२४मध्ये अपील न्यायालयानेही केला. आयोग टिकतो की नाही, अशी स्थिती आली. अखेर १८ फेब्रुवारी २०२५ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी कायदा वैध ठरवला. सत्तेवरच्या माणसाने स्वतःच स्वतःवर देखरेख ठेवण्यात हितसंबंधांचा जो पेच आहे, तो सोडवण्याचा विधिमंडळाचा हा प्रयत्न घटनेत बसतो, असं बहुमताने मानलं. एक मत इकडचं तिकडे झालं असतं, तर सारा डाव पुन्हा मांडावा लागला असता.

महाराष्ट्राला हा पेच नवा नाही. १९७१चा कायदा करून १९७२मध्ये प्रत्यक्ष लोकायुक्त नेमणारं हे देशातलं पहिलं राज्य. पण त्या कायद्यात मुख्यमंत्री कक्षेबाहेर होते आणि लोकायुक्तांचा अहवाल शिफारशीपुरताच असे. अण्णा हजारे यांच्या राळेगणसिद्धीतल्या २०१९च्या उपोषणानंतर नव्या मसुद्याला वेग आला. २८ डिसेंबर २०२२ रोजी विधानसभेने आणि १५ डिसेंबर २०२३ रोजी विधान परिषदेने विधेयक मंजूर केलं. त्यात मुख्यमंत्रीही कक्षेत आले, मात्र त्यांच्या चौकशीआधी विधानसभेच्या दोन तृतीयांश सदस्यांची संमती हवी, अशी अट घातली गेली. विधानसभेत बहुमत असल्याशिवाय कोणी मुख्यमंत्रिपदी राहत नाही. म्हणजे चौकशीला हात वर करण्याची वेळ पुन्हा त्यांच्याच बाकांवरच्या आमदारांवर येते, आणि जेकोपची गाडी अडली ती याच वळणावर.