उमेदवारीची स्पर्धा आणि समर्थकांचे ऐक्य : भामरागड-अहेरी परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

लोकशाहीत निवडणुकीची स्पर्धा दोन पातळ्यांवर होते. पहिली स्पर्धा पक्षांतर्गत उमेदवारीसाठी असते, तर दुसरी प्रत्यक्ष मतदानाच्या वेळी विरोधी पक्षांशी असते. पहिल्या स्पर्धेत पराभूत झालेल्या इच्छुकाचे समर्थक दुसऱ्या स्पर्धेत पक्षाच्या अधिकृत उमेदवारामागे उभे राहतात किंवा नाही, यावर अनेकदा निकाल अवलंबून असतो. आपल्याकडे या प्रश्नाची चर्चा बहुधा ‘बंडखोरी’ या एकाच शब्दात आटोपली जाते आणि तिचे खापर व्यक्तीच्या महत्त्वाकांक्षेवर फोडले जाते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाकडे व्यक्तीच्या स्वभावापेक्षा निवडीच्या पद्धतीच्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी भामरागड तालुका ज्या अहेरी विधानसभा मतदारसंघात समाविष्ट आहे तो मतदारसंघ आणि विदर्भातील काही अलीकडची उदाहरणे विचारात घेतली आहेत.

प्राथमिक निवडणुकीची संकल्पना

अमेरिकेत पक्षाचा उमेदवार मतदारांच्या प्राथमिक निवडणुकीतून ठरतो. २००८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षात बराक ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांच्यात दीर्घकाळ चुरशीची स्पर्धा झाली. ७ जून रोजी क्लिंटन यांनी आपली मोहीम थांबविली आणि २७ जून रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातील युनिटी या गावी दोघांनी संयुक्त सभा घेतली. त्या गावात प्राथमिक निवडणुकीत दोघांना समसमान म्हणजे प्रत्येकी १०७ मते पडली होती. नाराज समर्थकांचा एक गट त्यानंतरही विरोधात राहिला. परंतु नोव्हेंबरमध्ये पक्षाचा विजय झाला आणि पुढे क्लिंटन परराष्ट्रमंत्री झाल्या.

या ऐक्यामागे नेत्यांचा समंजसपणा होताच, परंतु तीन व्यवस्थात्मक कारणेही होती. पहिले, हार-जीत मतमोजणीने ठरली होती. दुसरे, मन वळविण्यासाठी जवळजवळ पाच महिन्यांचा अवधी उपलब्ध होता. तिसरे, तेथील अनेक राज्यांच्या कायद्यांनुसार प्राथमिक निवडणुकीत पराभूत झालेल्यास त्याच पदासाठी वेगळी उमेदवारी करता येत नाही.

वर्ध्याचा प्रयोग

भारतात काँग्रेस पक्षाने २०१४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी निवडक मतदारसंघांत अशी पद्धत अवलंबून पाहिली. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर येथे पक्षांतर्गत मतदान झाले. वर्धा येथे सागर मेघे यांनी चारुलता टोकस यांच्यावर मात करून उमेदवारी मिळविली. प्रत्यक्ष निवडणुकीत मात्र भारतीय जनता पक्षाचे रामदास तडस विजयी झाले. लातूरची जागाही काँग्रेसने गमावली. देशभर त्या पक्षाविरुद्ध वातावरण असल्यामुळे या पराभवांचे कारण केवळ उमेदवारीच्या पद्धतीत शोधणे योग्य ठरणार नाही.

पुढील घटनाक्रम मात्र बोलका आहे. अंतर्गत मतदानात विजयी झालेले मेघे कुटुंब त्याच वर्षी भारतीय जनता पक्षात गेले. पराभूत झालेल्या टोकस पक्षातच राहिल्या आणि २०१९ मध्ये त्याच मतदारसंघात काँग्रेसच्या उमेदवार झाल्या. याचा अर्थ असा की, मतदानाने निवड केल्यास पराभूताला निकाल मान्य करणे शक्य होते. परंतु मतदारांची संख्या मर्यादित, पदाधिकाऱ्यांपुरती असल्यास त्या निवडीतून पक्षनिष्ठा निर्माण होईलच असे नाही.

अहेरी मतदारसंघ : संघटनेपूर्वीची निष्ठा

अहेरी हा अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघ आहे. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्यांच्या संगमाजवळचे भामरागड आणि त्याच्या भोवतीची माडिया गोंडांची गावे याच मतदारसंघात येतात. येथील राजकारणावर अहेरीच्या आत्राम राजघराण्याचा प्रभाव दीर्घकाळ राहिला आहे. २००९ मध्ये अपक्ष दीपक आत्राम, २०१४ मध्ये भारतीय जनता पक्षाचे अम्ब्रिशराव आत्राम आणि २०१९ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसचे धर्मरावबाबा आत्राम निवडून आले.

२०२४ मध्ये युती आणि आघाडीच्या जागावाटपामुळे येथील स्पर्धा अधिक गुंतागुंतीची झाली. महायुतीत ही जागा अजित पवार यांच्या राष्ट्रवादी काँग्रेसकडे गेली आणि धर्मरावबाबा उमेदवार झाले. शरद पवार यांच्या पक्षाने त्यांच्या कन्या भाग्यश्री आत्राम यांना उमेदवारी दिली. अम्ब्रिशराव अपक्ष म्हणून उभे राहिले. दुसऱ्या बाजूला काँग्रेसमधूनही बंडखोरी झाली. धर्मरावबाबा सुमारे १६ हजार ८०० मतांनी विजयी झाले. अम्ब्रिशराव दुसऱ्या स्थानी राहिले. बंडखोरी दोन्ही बाजूंना असल्यामुळे येथे कोणत्याही एका पक्षाची फूट निर्णायक ठरली असे म्हणता येत नाही. विरोधी मतांची विभागणी मात्र स्पष्ट दिसते.

येथे लक्षात घेण्याची बाब अशी की, समर्थकांची निष्ठा पक्षापूर्वीची आहे. राजवाड्याशी निगडित नाग विदर्भ आंदोलन समिती किंवा दीपक आत्राम यांची आदिवासी विद्यार्थी संघटना यांसारख्या संघटना पक्षाबाहेर स्वतंत्रपणे उभ्या राहिल्या. असा समर्थकवर्ग नेत्याबरोबर पक्षात येतो आणि त्याच्याबरोबरच बाहेर पडतो. जे ऐक्य पक्षाने घडविलेलेच नाही, ते पक्षादेशाने टिकविता येत नाही.

त्यात कालावधीची अडचण आहे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्ज मागे घेण्याची अंतिम तारीख ४ नोव्हेंबर होती आणि मतदान २० नोव्हेंबर रोजी झाले. नाराजांची समजूत काढून त्यांना प्रचारात उतरविण्यासाठी जेमतेम सोळा दिवस मिळाले. डोंगर, नाले आणि विरळ वस्तीच्या भामरागडसारख्या तालुक्यात स्थानिक कार्यकर्त्याशिवाय गावापर्यंत पोहोचणे कठीण असते. एखाद्या पट्ट्यातील कार्यकर्ता रुसून घरी बसला, तर त्याची जागा जाहीर सभेने भरून निघत नाही. शिवाय दहाव्या अनुसूचीतील पक्षांतरबंदीची तरतूद निवडून आलेल्या सदस्यांना लागू होते; उमेदवारी नाकारलेल्या कार्यकर्त्याला अपक्ष उभे राहण्यापासून ती रोखू शकत नाही.

ग्रामसभांचा मार्ग

याच परिसरात निवडीची एक वेगळी पद्धतही पाहावयास मिळाली. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांच्या आधारे गडचिरोली जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा सक्षम झाल्या. फेब्रुवारी २०१७ च्या जिल्हा परिषद व पंचायत समिती निवडणुकीत काही भागांतील ग्रामसभांनी पक्षांकडे न जाता आपले उमेदवार आपणच ठरविले. भामरागड तालुक्यातून माडिया समाजातील वकील लालसू नोगोटी हे ग्रामसभांच्या पाठिंब्यावर जिल्हा परिषदेवर निवडून आले.

या पद्धतीचे वैशिष्ट्य म्हणजे चर्चा आधी आणि उमेदवारी नंतर. निवड करणारे व प्रचार करणारे लोक एकच असल्यामुळे निवडीनंतर ऐक्याचे वेगळे आवाहन करण्याची गरज कमी भासते. या पद्धतीला मर्यादाही आहेत. एकमताच्या आग्रहात स्त्रिया, तरुण किंवा अल्पसंख्य कुटुंबे यांचा विरोध दबून जाण्याची शक्यता असते. तसेच परस्परपरिचित गावांच्या पट्ट्यात जे साधते, ते लाखो मतदारांच्या विधानसभा मतदारसंघात जसेच्या तसे साधेल असे मानता येणार नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. पराभूत इच्छुकाच्या समर्थकांचे ऐक्य मुख्यतः निवडीची पद्धत त्यांना न्याय्य वाटते किंवा नाही यावर अवलंबून असते. नियम आधी जाहीर असल्यास निकाल पचविणे सोपे जाते.

२. निवडीत सहभागी होणाऱ्यांचा पाया जितका व्यापक, तितकी निवडीनंतरची बांधीलकी अधिक असण्याची शक्यता असते.

३. उमेदवारी आणि मतदान यांत पुरेसे अंतर नसल्यास सदिच्छा असूनही मनोमीलन घडत नाही. पक्षांनी उमेदवार बऱ्याच आधी निश्चित करणे हा त्यावरील सोपा उपाय आहे.

४. पराभूताला संघटनेत सन्मानाचे स्थान आणि पुढील संधीची खात्री नसेल, तर शिस्तभंगाची कारवाई ऐक्य निर्माण करू शकत नाही. ती केवळ फुटीवर शिक्कामोर्तब करते.

राजधानीतून जाहीर होणारी यादी आणि गावाच्या बैठकीत होणारी निवड या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी भारतीय पक्षांना आपली पद्धत शोधावी लागेल. त्या शोधात भामरागडच्या ग्रामसभांकडे मागास भागातील अपवाद म्हणून पाहण्याऐवजी अभ्यासाचा विषय म्हणून पाहिले जावे, एवढीच अपेक्षा.