दानाचा हिशेब : दिले किती आणि साधले काय?

आपल्या समाजात दानाची परंपरा प्राचीन आहे. आहार, औषध, ज्ञान आणि अभय या चतुर्विध दानांचा महिमा आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. प्रतिवर्षी धर्मादाय संस्थांचे अहवाल प्रसिद्ध होतात. किती वह्या वाटल्या, किती रुग्ण तपासले, किती रुपये खर्ची पडले, याचे आकडे त्यांत असतात. ते आवश्यकच आहेत, कारण त्यांवरून विश्वस्तांची सचोटी कळते. तथापि व्यापाऱ्याच्या दृष्टीने ही खातेवहीतील केवळ नावेची बाजू होय. माल किती खरेदी केला एवढेच सांगितल्याने नफा कळत नाही. वह्या वाटल्या हे खरे. पण त्यामुळे मुलगा शाळेत टिकला काय?

या प्रश्नाचे उत्तर केवळ त्या मुलाकडे पाहून मिळत नाही. तेजीच्या वर्षी ज्याच्या वखारीत माल असतो, त्या प्रत्येकालाच नफा होतो. तो चातुर्याचा की बाजाराचा, हे शेजारच्या पेढ्यांशी तुलना केल्यावाचून ठरत नाही. दानाचेही तसेच आहे. पाऊसपाणी चांगले झाले, मजुरी वाढली, तर मदत न मिळालेली कुटुंबेही सुधारतात. म्हणून मदत मिळालेले आणि न मिळालेले, अशा सारख्याच स्थितीतील दोन समूहांची तुलना करणे हाच खरा मार्ग आहे.

याचे प्रसिद्ध उदाहरण आपल्याच हैदराबाद शहरात घडले आहे. गरीब स्त्रियांना छोटी कर्जे दिल्यास दारिद्र्य हटते, असा विश्वास त्या काळी जगभर पसरला होता. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांचे सहकारी यांनी तो पारखण्याचे ठरविले. शहरातील १०४ गरीब वस्त्या निवडून त्यांपैकी ५२ वस्त्या सोडतीने ठरविण्यात आल्या. तेथे २००६-०७ मध्ये स्पंदना या संस्थेने सहा ते दहा स्त्रियांचे गट करून कर्जवाटप सुरू केले. पहिले कर्ज बहुधा १०,००० रुपयांचे आणि फेड ५० आठवड्यांत. व्याज वरकरणी १२ टक्के, परंतु घटत्या मुद्दलावर हिशेब केल्यास ते सुमारे २४ टक्के पडे.

सुमारे सव्वा ते दीड वर्षाने दोन्ही प्रकारच्या वस्त्यांतील ६,८०० हून अधिक कुटुंबांची पाहणी झाली. पूर्वीपासून लहान धंदा असलेल्यांनी धंद्यात अधिक भांडवल घातले, टिकाऊ वस्तूंची खरेदी वाढली, चहा-तंबाखूसारखा खर्च काहीसा घटला. परंतु कुटुंबाचा एकंदर खर्च, मुलांचे शिक्षण, आरोग्य आणि घरातील स्त्रीचा अधिकार यांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. पुढे ऑक्टोबर २०१० मध्ये, कर्जदारांच्या आत्महत्यांच्या वार्ता आल्यानंतर, आंध्र प्रदेश शासनाने अशा कर्जव्यवहारावर कडक निर्बंध घालणारा अध्यादेश काढला. आधी अतिस्तुती आणि मग अतिनिंदा. या पाहणीचा निष्कर्ष मात्र दोहोंच्या मधला होता. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मोजमापाने केवळ निराशाच पदरी येते असे मात्र नाही. महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत खेड्यातीलच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बालकांची घरोघरी शुश्रूषा सुरू केली, आणि अन्य ४७ गावांतील जन्ममृत्यूंचीही नोंद ठेविली. आरंभी हजार जन्मांमागे या ३९ गावांत ६२ आणि त्या ४७ गावांत ५८ नवजात बालके दगावत. १९९७-९८ मध्ये ३९ गावांतील प्रमाण २५.५ वर आले. तुलनेच्या गावांत तशी घट झाली नाही. १९९९ मध्ये हे आकडे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०११ पासून भारत शासनाने ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत अशी गृहभेटींची योजना देशभर स्वीकारली. ती ४७ गावे मोजली नसती, तर या कार्याची थोरवी सिद्ध करणे कठीण झाले असते.

दान मोजणे म्हणजे अहंकार, असा आक्षेप कोणी घेतील. वस्तुतः येथे दात्याचे पुण्य मोजावयाचे नसून घेणाऱ्याचे हित मोजावयाचे आहे. दाता गुप्त राहिला तरी त्यात बाधा येत नाही. तत्त्वार्थसूत्रातही विधी, द्रव्य, दाता आणि पात्र यांच्या विशेषाने दानाच्या फळात भेद होतो असे सांगितले आहे. अर्थात पुरात सापडलेल्याला अन्न देताना किंवा पांजरपोळात चारा घालताना तुलनेची वाट पाहू नये. लहान मदतीसाठी तिच्याहून मोठा पाहणीखर्च करणेही शहाणपणाचे नव्हे.

परंतु वर्षानुवर्षे चालणाऱ्या शिष्यवृत्त्या, दवाखाने, शिवणवर्ग यांबाबत आपण तीन नियम पाळू शकतो. आरंभीच लाभार्थींची स्थिती लिहून ठेवावी. सारख्याच गरजेचे अर्ज निधीपेक्षा अधिक आले, तर वशिला बाजूस ठेवून सोडत काढावी. त्यात न्यायही होतो, आणि नाव न आलेल्यांशी, त्यांच्या संमतीने, पुढे तुलनाही करता येते. दोन वर्षांनी चौकशी करावी, ती वाटप करणाऱ्याने नव्हे, तर त्रयस्थाने. जे साधले नाही तेही अहवालात छापावे. निष्फळ कामात अडकलेला पैसा दुसऱ्या एखाद्या गरजवंताच्या वाट्याचा असतो, याचे भान विश्वस्तांनी अखंड ठेवावे, ही नम्र विनंती.