मैदानाची वाट घरातून जाते

मैत्रिणींनो, मुलगी सातवी-आठवीत गेली, की आपल्या घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येतं, "पुरे झालं आता खेळणं!" आपण ते रागानं नाही, काळजीपोटीच म्हणतो. पण सहावीपर्यंत कबड्डीत भल्याभल्यांना लोळवणाऱ्या कितीतरी मुली आठवीत मैदानाकडे फिरकत नाहीत, हे शाळेत शिकवताना मी दर वर्षी पाहते. म्हणूनच, ज्या घरांनी हे वाक्य उच्चारलं नाही, तिथं काय घडलं ते आज सांगावंसं वाटतं.

टेनिस हा एके काळी गोऱ्या श्रीमंतांचा खेळ. अमेरिकेतल्या अल्थिया गिब्सनचे कृष्णवर्णीय आईवडील दुसऱ्याच्या रानात वाट्यानं कापूस पिकवायचे. १९५० पर्यंत तिथल्या राष्ट्रीय स्पर्धेत कृष्णवर्णीयांना प्रवेशच नव्हता. दोन डॉक्टरांच्या कुटुंबांनी अल्थियाला आपल्या घरी ठेवून घेतलं, शाळा पुरी करायला लावली आणि खेळाचीही सोय केली. १९५७ साली तिनं विंबल्डन जिंकलं. असं करणारी ती पहिली कृष्णवर्णीय खेळाडू! महिला एकेरीत दुसरी यायला मात्र २००० साल उजाडलं. ती व्हीनस विल्यम्स. तिची धाकटी बहीण सेरेना हिनं तर एकेरीची २३ ग्रँड स्लॅम विजेतेपदं मिळवली. या दोघींचे पहिले गुरू कोण? त्यांचे आईवडील! ते आधी स्वतः टेनिस शिकले आणि मग त्यांनी सार्वजनिक मैदानावर मुलींना शिकवलं.

तुम्ही म्हणाल, हे तिकडे अमेरिकेत. मग आपल्या सांगलीचंच बघा ना. स्मृती मानधनानं भावाचं बघून बॅट हातात घेतली. तिच्या खेळाकडे वडिलांनी लक्ष दिलं, खाणंपिणं आणि कपडे आईनं पाहिले, सरावाला चेंडू टाकायला भाऊ. नवव्या वर्षी ती महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालील संघात होती. २०२५ मध्ये भारतानं विश्वचषक जिंकला, तेव्हा ती उपकर्णधार होती.

साताऱ्याच्या माण तालुक्यातलं मोही हे दुष्काळी गाव. तिथल्या शेतकरी घरातली ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी ट्रॅकवरच्या शर्यतीत एक भारतीय मुलगी इथवर पोचली होती.

आणि अदिती स्वामी! वडील गणिताचे शिक्षक. लेकीला खेळायला मिळावं म्हणून गावाकडून साताऱ्यात राहायला आले. उसाच्या रानातल्या मैदानावर तिनं धनुष्य धरलं आणि २०२३ साली बर्लिनला, सतराव्या वर्षी, ती तिरंदाजीत जगज्जेती झाली.

आता आपलं घर. संध्याकाळचा एक तास मुलीचा राहू द्या. त्या वेळची भांडी आणि धाकट्याला सांभाळणं थोडं मुलाच्याही वाट्याला येऊ द्या. पाळी सुरू झाली म्हणून खेळ बंद करायचं कारण नाही. फार त्रास होत असेल तर डॉक्टरांना विचारा. बूट मापाचे घ्या, "वाढत्या अंगाचे" नकोत. मैदानावरून आली की शेंगदाण्याचा लाडू, केळं, चालत असेल तर अंडं द्या. लांबचं मैदान असेल तर दोघीतिघींच्या आयांनी पाळीपाळीनं सोबत जावं.

सगळ्याच काही जगज्जेत्या होणार नाहीत. पण हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहायची सवय लागली, तर ती तिला सासरी, नोकरीत, कुठंही उपयोगीच पडेल.