महाबळेश्वराचे बारा महिने

मे महिन्याची सुटी लागली कीं आपल्याकडील एकत्र कुटुंबांतून एक प्रश्न हटकून निघतो : यंदा थंड हवेस केव्हां जावयाचें? मग दोन दिवसांचा बेत ठरतो, एक मोठी मोटार ठरते, आणि आजीबाईंपासून तान्ह्या नातवापर्यंत सारी मंडळी महाबळेश्वरीं जाऊन, वेण्णा तलावाच्या कांठीं गाड्यांच्या रांगेंत तास-दीड तास अडकून, दोन-चार पॉइंट घाईनें पाहून, शिणलेल्या चेहऱ्यांनीं परत येते. आमच्या कोल्हापुराहून कराड-साताऱ्यावरून तें गांव सुमारें एकशें ऐंशी किलोमीटर. इतक्या जवळच्या स्थळाची ओळख केवळ मे महिन्याच्या गर्दींत करून घ्यावी हें आम्हांस शहाणपणाचें वाटत नाहीं. महाबळेश्वर थंड हवेचें ठिकाण आहे हें खरेंच. परंतु त्याहून आधीं तें पाण्याचें ठिकाण आहे, आणि हें ध्यानीं घेऊन गेलें म्हणजे बारा महिन्यांपैकीं कोणताहि महिना तेथें रिकामा जात नाहीं.

तेथील वर्षाचा खरा आरंभ पावसाळ्यापासून होतो, म्हणून आम्हीहि तेथूनच आरंभ करतों. समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फूट उंचीच्या त्या पठारावर वर्षाकांठीं सरासरीनें साडेपांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. जुन्या मापानें दोनशें इंचांच्या वर. कोल्हापूर शहराच्या पावसाची ही चौपट-पांचपट झाली! पूर्वी ज्येष्ठ लागतांच तेथील बाजार उठे, घरांना गवताच्या तट्ट्या बांधून लोक खालीं उतरत. आतां पावसाळ्यांतहि मंडळी जातात, आणि तरुणांनीं जावयास आमची हरकत नाहीं. लिंगमळ्याचा धबधबा पाहावा तर तो श्रावणांतच. उन्हाळ्यांत तेथें ओला खडक तेवढा शिल्लक असतो. मात्र आषाढांतील मुसळधारेंत लहान मुलें व म्हातारीं माणसें घेऊन घाट चढण्याचें साहस कोणीं करूं नये. सन २०२१ च्या जुलैमध्यें तेथें चोवीस तासांत सुमारें ५९० मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि पोलादपुराकडे उतरणारा आंबेनळी घाट जागोजागीं खचून गेला. त्याच दिवसांत कोल्हापूर-सांगलीकडे महापूर होता, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नकोच. पंचगंगेचा पूर हा आमच्याच घाटमाथ्याचा. पण पुढें नृसिंहवाडीस कृष्णा तुडुंब असली म्हणजे आमचें पाणी लवकर उतरत नाहीं. वाडीस दक्षिणद्वाराचा सोहळा होतो, श्रींच्या पादुकांवरून वाहून पाणी दक्षिणेच्या दारानें बाहेर पडतें व भाविक त्यांत स्नान करतात, त्या पाण्यांत महाबळेश्वराच्या कड्यांवर पडलेला पाऊसहि असतो. शाळेंतील मुलांना नदीचें खोरें म्हणजे काय हें शिकवावयाचें असेल, तर नकाशापेक्षां हें उदाहरण अधिक उपयोगी पडेल.

पाऊस ओसरला कीं भाद्रपद-आश्विनांत साताऱ्याच्या वाटेनें जावें व कासचें पठार पाहून मग मेढ्यावरून वर चढावें. सातारा ते कास सुमारें पंचवीस किलोमीटर. तेथें जांभ्या खडकावर मातीचा थर इतका पातळ आहे कीं वृक्ष मूळ धरीत नाहींत. म्हणूनच तेरडा, सोनकी, गेंद, सीतेचीं आसवें अशा इवल्या इवल्या वनस्पतींस तें रान मोकळें सांपडलें. सन २०१२ मध्यें सह्याद्रीच्या कांहीं भागांस जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत कासचा समावेश आहे. फुलांच्या दिवसांत तेथें रोज ठराविक संख्येनेंच लोकांस सोडतात, तरी आगाऊ नोंद करून जावें. फुलांत बसून छायाचित्र काढून घेण्याचा जो हव्यास हल्लीं दिसतो, त्यापासून घरच्या मुलामुलींस वडीलमंडळींनीं अगोदरच परावृत्त करावें.

आमच्या मतें एकत्र कुटुंबानें जावें तें मार्गशीर्ष-पौषांत. हवा कोरडी, आकाश स्वच्छ. पहांटे वेण्णा तलावाच्या परिसरांत दंव गोठून पांढरा थर दिसतो, एवढी थंडी कधीं कधीं पडते. मुलांच्या कानटोप्या व आजोबांची शाल विसरूं नये. ह्याच दिवसांत स्ट्रॉबेरीची तोडणी सुरू होते व ती उन्हाळ्यापर्यंत चालते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीस सन २०१० मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें. ह्या डोंगरावरील बागाइतीचा इतिहास मोठा मौजेचा आहे. एकोणिसाव्या शतकांत इंग्रज सरकारनें येथें चिनी व मलायी कैदी आणून ठेविले होते, आणि बटाटे व विलायती भाज्या पिकविण्याचें काम त्यांनीं येथें केलें. फळ रस्त्यावर विकत घेण्यापेक्षां शेतकऱ्याची परवानगी घेऊन मळ्यांतच खावें. त्याची गोडी निराळी लागते.

आणि भिलार! पांचगणी व महाबळेश्वर ह्यांच्या मध्यें असलेलें हें स्ट्रॉबेरीचें गांव ४ मे २०१७ पासून पुस्तकांचें गांव झालें. राज्य शासनानें व राज्य मराठी विकास संस्थेनें ही योजना आंखली. पण तिचें यश आहे तें गांवकऱ्यांच्या पडव्या-ओसऱ्यांत. आरंभीं पंचवीस ठिकाणीं पुस्तकें ठेविलीं गेलीं. एका घरीं कादंबऱ्या, दुसऱ्या घरीं चरित्रें व आत्मचरित्रें, कोठें इतिहास, कोठें संतवाङ्मय, कोठें बालवाङ्मय, कोठें दिवाळी अंक. घराच्या भिंतीवरील चित्रावरून आंत काय आहे तें कळतें. आंत जावें, पुस्तक काढावें, बसून हवा तितका वेळ वाचावें आणि पुन्हां जागेवर ठेवावें, शुल्क नाहीं. पुस्तक घरीं नेतां येत नाहीं, हेंच आम्हांस अधिक आवडलें, कारण त्यामुळें तेथेंच बसावें लागतें. ज्या घरांत आजोबांस एक वाचावयाचें असतें, सूनबाईंस दुसरें व मुलांस तिसरें, त्या घराला एका गांवांत सर्वांचें समाधान होईल असें दुसरें स्थळ आम्हांस तरी ठाऊक नाहीं. पॉइंट पाहण्याचा एक दिवस कमी करून तो भिलारास द्यावा. त्याच तालुक्यांतील मांघर हें गांव सन २०२२ मध्यें मधाचें गांव म्हणून जाहीर झालें. सातेरी मधमाशांच्या पेट्या तेथें पाहावयास मिळतात.

उन्हाळ्याविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. तो सर्वांस ठाऊक आहे. मुलांच्या शाळांमुळें मे महिन्यावांचून गत्यंतर नसेल, तर सकाळीं लवकर उठावें एवढेंच. सूर्योदयास सिंडोला, ज्यास विल्सन पॉइंट म्हणतात, तेथें जावें. सुमारें १,४३९ मीटर उंचीचें तें गांवांतील सर्वोच्च ठिकाण. मग गर्दी होण्यापूर्वी वेण्णा तलावांत नौकाविहार उरकावा. हा तलाव निसर्गनिर्मित नव्हे. सातारच्या शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराजांनीं तो सन १८४२ मध्यें बांधविला, आणि गांवाची तहानहि तो भागवितो. तेव्हां कणसें खाऊन झाल्यावर त्यांचीं बुरखुंडें पाण्यांत फेंकणाऱ्यांनीं आपण रात्रीं काय पिणार ह्याचा विचार करावा. दुपारीं जांभळें-करवंदें घेऊन खोलीवर विश्रांति, व संध्याकाळीं एकच पॉइंट. आर्थर सीटवरून सावित्रीचें खोल दरें व कोंकण दिसतें. तेवढें पाहिलें तरी पुरे.

परंतु कोणत्याहि महिन्यांत गेलें तरी चुकवूं नये तें क्षेत्र महाबळेश्वर. बाजारपेठेपासून तें पांच-सहा किलोमीटरांवर आहे. पंचगंगेच्या देवळांत कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री ह्यांचे झरे एकत्र होऊन गोमुखांतून कुंडांत पडतात. पद्मपुराणांतील कार्तिकमाहात्म्यांत कथा आहे ती अशी : सह्याद्रीवर ब्रह्मदेवाच्या यज्ञांत मुहूर्त टळूं नये म्हणून वडील पत्नीच्या जागीं गायत्रीस बसविलें, मागून आलेल्या वडील पत्नीनें रागानें शाप दिला, आणि विष्णु कृष्णा झाला, शंकर वेण्णा झाला, ब्रह्मदेव ककुद्मती म्हणजे कोयना झाला, दोघी स्त्रियाहि नद्या होऊन पश्चिमेस गेल्या. पुराणकारांस भूगोलहि ठाऊक होता! सावित्री खरोखरच पश्चिमेस कोंकणांत उतरते, तर वेण्णा माहुलीस व कोयना कराडास कृष्णेस मिळते, आणि कृष्णा सुमारें चौदाशें किलोमीटर चालून बंगालच्या उपसागरास पोंचते. ह्याच क्षेत्रीं ६ जानेवारी १६६५ रोजीं सूर्यग्रहणाच्या पर्वावर शिवछत्रपतींनीं मातोश्री जिजाबाईंची सुवर्णतुला केली. शेजारच्या कृष्णाबाईच्या दगडी देवळांत फारसें कोणी जात नाहीं. तेथें बसून कृष्णेचें खोरें पाहावें.

सात झऱ्यांपैकीं भागीरथीचा झरा बारा वर्षांनीं कन्यागतांत व सरस्वतीचा साठ वर्षांनीं प्रकट होतो, अशी तेथील श्रद्धा आहे. मागचें कन्यागत सन २०१६ मध्यें लागलें, पुढचें सन २०२८ मध्यें लागेल. कित्येक घरांत वडील मंडळी ह्या पर्वाचें निमित्त सांगून क्षेत्राची यात्रा पुढें ढकलतात व मुलगे-सुनाहि तें मान्य करतात. ज्या घरीं कोणी पंचाहत्तरीच्या पुढें असेल, त्या घरानें पर्वाची वाट न पाहतां येत्या मार्गशीर्षांतच गाडी ठरवावी. देवळाजवळ थोडें चालावें लागतें व कुंडाभोंवतालची फरशी ओली असते, तरी हाताला धरावयास एक नातू बरोबर असावा.